टिकलीची वही: घाबरणाऱ्या कुत्रीसोबतचं काम, फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२५

९ फेब्रुवारी २०२५

टिकली डिसेंबरात घरी आली. गावठी कुत्री, डॉक्टरांच्या अंदाजाने तिनेक वर्षांची, नसबंदी झालेली, म्हणून डाव्या कानाला खाच. आधी बांधकामाच्या साइटवर वाढली, मग निवाराघरात होती, आणि आता कोथरूडमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावर. घरात शांत असते. सासूबाईंच्या खुर्चीखाली झोपते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबते. दाराबाहेर पाऊल पडलं की शेपूट पोटाखाली जाते. हेल्मेट घातलेला माणूस, उघडी छत्री, दुसरं कुत्रं, लिफ्टचं दार, यांपैकी काहीही जवळ आलं की अंगावर धावून जाते. परवा डिलिव्हरीच्या मुलाची पँट तिच्या दातात आली. कातडीला लागलं नाही. त्याची माफी मागितली, पँटचे पैसे दिले, आणि तेव्हाच ठरलं की आता हे काम नीट मांडून करायचं.

पहिलं काम म्हणजे भीतीची यादी. फ्रिजवर कागद लावला आहे. प्रत्येक गोष्टीपुढे अंतर लिहायचं आणि त्या अंतरावर ती खाते का ते लिहायचं. आजची कुत्र्यांची ओळ अशी: ३० मीटरवर बघते आणि चिकन खाते. २० मीटरवर तुकडा तोंडात धरून ठेवते, चावत नाही. १२ मीटरवर भुंकत पट्टा ओढते, चिकन नाकाखाली धरलं तरी दिसत नाही. म्हणजे आमचं सगळं काम ३० मीटरच्या पलीकडे. आमची गल्ली दोन गाड्या जेमतेम जातील एवढी आहे. तिथे शिकवणं होणार नाही.

१६ फेब्रुवारी

जनावरांच्या डॉक्टरांकडे तपासणी. तपासणी, रक्त आणि एक्स-रे मिळून ३,२०० रुपये. मागच्या उजव्या पायाचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं निघालं. लिफ्टला घाबरते म्हणून आम्ही तिला रोज तीन मजले जिन्याने उतरवत होतो. खाली पोचेपर्यंत पाय दुखत असणार, आणि दुखऱ्या अंगाने ती गल्लीतल्या कुत्र्यांसमोर उभी राहत होती. हे कळल्यावर रात्रभर वाईट वाटलं.

वेदनेचं औषध सुरू केलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की माणसांची दुखण्याची गोळी द्यायची नाही, आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे. पुढचं काहीही करण्याआधी ही तपासणी करा. दुखणाऱ्या कुत्र्याला धीर शिकवता येत नाही. आम्ही ती दोन महिने उशिरा केली.

१ मार्च

जानेवारीतल्या ट्रेनरचा हिशोब इथे लिहून ठेवते. फी ६,००० रुपये आगाऊ, परत मिळाली नाही. पद्धत अशी की गळ्यात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), कुत्रं दिसलं की झटका, गुरगुरली की झटका, ‘मालक कोण ते तिला कळलं पाहिजे.’ गुरगुरणं खरंच थांबलं आणि आम्हाला वाटलं की सुधारली. भीती मात्र होती तशीच होती, फक्त ती सांगायची सोय आम्ही काढून घेतली. म्हणूनच त्या मुलाच्या पँटेवर ती न गुरगुरता गेली. शिवाय प्रत्येक झटका समोरच्या कुत्र्याच्या खात्यावर जमा झाला: कुत्रं दिसलं की मान दुखते, एवढंच तिने शिकलं.

चेन भंगारात दिली. आता छातीवर इंग्रजी वाय आकाराने बसणारा हार्नेस (१,४५०), दोन मीटरचा साधा पट्टा आणि पाच मीटरची लांब दोरी (४००). सहा फुटी, आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा होता तो वापरत नाही, कारण तो सतत ताणलेला राहतो आणि कुत्र्याला कायम ओढ जाणवते.

गुरगुरली की आता सगळे एकच करतात: तिच्यासकट मागे सरतात. मुलीला हे समजवायला वेळ लागला. तिला वाटायचं आपण टिकलीचे लाड करतोय.

९ मार्च

जागा मिळाली. पहाटे साडेपाचला गाडीने एका मोठ्या मैदानाच्या कडेला जातो. तिथे दूरवर फिरायला आलेली माणसं आणि त्यांची पट्ट्यातली कुत्री दिसतात, आणि आमच्या पाठीमागे निघून जायला वाट मोकळी असते. ही मागची वाट फार महत्त्वाची निघाली. कोपऱ्यात उभी असली की टिकली ४० मीटरवरही ताठ होते. मागे मोकळं असेल तर ३० ला बसून बघते.

काय बघायचं तेही हळूहळू कळतंय. भुंकणं हे शेवटचं. त्याच्या आधी तोंड मिटतं, जिभेने ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभई देते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. आणि सगळ्यात भरवशाची खूण माझ्या बोटांना कळते: एरवी चिकन ओठांनी हळू घेते, भीती वाढली की दातांनी ओरबाडते. बोटाला दात लागला की दहा पावलं मागे.

२३ मार्च

हेल्मेटचं काम पूर्ण बिघडलं आणि पुन्हा मांडलं. सविस्तर लिहिते, कारण आम्ही वाचलेल्या सल्ल्यांत ‘भीती वाटते तेव्हा खाऊ द्या’ एवढंच होतं आणि त्यात मोठी गोची आहे.

नवरा दाराबाहेर हेल्मेट घालून उभा राहायचा. मी आधी डबा उघडायचे, टिकलीला जवळ बोलवायचे, खाऊ द्यायला लागायचे आणि मग तो आत यायचा. काही दिवसांत डब्याचं झाकण वाजलं तरी ती दाराकडे बघून थरथरायला लागली. चिकनमुळे हेल्मेट चांगलं वाटायचं राहिलं बाजूला, हेल्मेटमुळे चिकन वाईट ठरलं. क्रम उलटा झाला होता. आधी भीतीची वस्तू दिसली पाहिजे, मग एक श्वास जाऊ द्यायचा, मग खाऊ. वस्तू गेली की खाऊ बंद.

दुरुस्ती दोन भागांत केली. खाऊची पिशवी आता दिवसभर कमरेला असते, भाजी चिरतानाही, आणि त्यातून अधूनमधून काहीही न घडता तुकडा मिळतो, म्हणजे पिशवी कशाचीच वर्दी देत नाही. दुसरं, हेल्मेट सुटं केलं. आधी ते खोलीच्या टोकाला जमिनीवर, नुसतं पडलेलं. तिने मान वळवून पाहिलं की तुकडा. मग टीपॉयवर. मग हातात. मग काखेत धरून चालणं. मग डोक्यावर, काच वर. काच खाली घेतल्यावर पुन्हा पार दुसऱ्या खोलीपर्यंत मागे जावं लागलं, कारण चेहरा दिसेनासा झाला. प्रत्येक पायरीला अंतर नव्याने वाढवायचं, हे त्यातून समजलं.

चिकन उकडून बोटाच्या नखाएवढे तुकडे. हाडं नाहीत, मीठ-मसाला नाही, कांद्या-लसणाचा रस्सा तर अजिबात नाही. महिन्याला चिकन आणि पनीर मिळून साधारण १,८०० रुपये लागतात. जेवण तेवढं कमी केलं आहे.

२० एप्रिल

लिफ्ट. जुनी इमारत, ओढायची लोखंडी जाळी, आणि दार उघडं राहिलं की ‘कृपया दरवाजा बंद करा’ म्हणणारी बाई. टिकलीला नक्की कशाची भीती वाटते ते वेगळं काढायला हवं होतं, म्हणून मुलगी दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवून एकेक आवाज करायची आणि मी वर टिकलीकडे बघायची. बाईच्या आवाजाचं तिला काही नव्हतं. जाळी आपटण्याचं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती करून रुळांत तेल घातलं, जाळी टेकते तिथे रबराच्या पट्ट्या लावल्या. ११० रुपये. या वहीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा खर्च.

त्यानंतरची शिस्त एकच: ती आत गेली की लगेच बाहेर पडू द्यायचं. जाळी लावायचीच नाही. आत जा, तुकडा खा, बाहेर ये. तिला बाहेर पडता येतं हे पक्कं झाल्यावर ती आपणहून आत थांबायला लागली. मग जाळी अर्धी, मग पूर्ण पण लिफ्ट जागेवर, मग एक मजला. घाई झाली ती एकदाच, पाहुणे खाली थांबले होते तेव्हा. उचलून आत घेतलं, आणि पुढचा सगळा आठवडा तिने लिफ्टच्या दिशेला पाहिलं नाही.

२८ मे

यंदा पाऊस मेमध्येच आला. त्याआधीचा वळवाचा गडगडाटही होताच. चार दिवस टिकली न्हाणीघरात, नळाच्या मागे. खात नाही, फिरायला नाही, आणि वादळ थांबलं तरी त्यानंतरचे दोन दिवस ३० मीटर पुरत नाहीत, ६० लागतात. भीती एकावर एक चढते. सकाळी फटाका, दुपारी ढग, संध्याकाळी मांजर, आणि आपल्याला वाटतं की मांजरामुळे एवढी बिथरली.

डॉक्टर म्हणाले, आता औषधाचा विचार करा. फ्लुऑक्सेटिन, म्हणजे भीती-चिंता कमी करणारी रोजची गोळी, सुरू केलं. घरात यावर वाद झाला. नवऱ्याला वाटत होतं की कुत्रीला गुंगीत ठेवायचं आहे. तसं नाही. ते गुंगीचं औषध नाही, आणि परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. मनाने सुरू करायचं नाही, मनाने एकदम बंदही करायचं नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नसती तर आमच्या लक्षातही आली नसती: गोचिडांसाठी कपाटात अमिट्राझची बाटली होती. ती आणि हे औषध एकत्र चालत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांनी हे नक्की विचारा.

१२ जून

पहिल्या पंधरवड्यात टिकलीची भूक कमी झाली. हा या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे, पण आमचं सगळं काम खाऊवर चालतं, त्यामुळे मैदान बंद. या काळात फक्त वास शोधायचे खेळ: जुन्या टॉवेलात तुकडे गुंडाळणं, गॅलरीतल्या कुंड्यांमागे कुत्र्यांच्या खाद्याचे दाणे लपवणं. नाक खाली घालून शोधणारी टिकली आणि पट्ट्याला ताण देणारी टिकली वेगवेगळ्या वाटतात. शेपूट सैल पडते.

२९ जून

भूक परतली. आज मैदानावर एक कुत्रं २० मीटरवरून गेलं. तिने पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आपणहून. मी तिथेच चिखलात बसले आणि डब्यातलं उरलेलं सगळं दिलं.

६ जुलै

मझलची, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर घालायच्या टोपीची, सवय पूर्ण. जाळीचा, लांब टोपलीसारखा (९५०), ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी आवळपट्टी स्वस्त मिळते, पण त्यात तोंड मिटून राहतं. कुत्रं धापेनेच अंग थंड करतं, त्यामुळे ती फिरायला वापरायची नाही. आतल्या टोकाला दही लावून ठेवायचं आणि तिने स्वतः नाक घालायचं. बंद लावायला महिना घेतला.

मझल घातल्यावर सोसायटीतली माणसं दूर राहतात. मला ते आवडलं. जिन्यातल्या आजोबांनी ‘चावते का?’ विचारलं. मी म्हटलं, ‘घाबरते काका, म्हणून तिला आणि तुम्हाला दोघांनाही निर्धास्त वाटावं म्हणून.’ तेव्हापासून ते आम्हाला पाहिलं की छत्री मिटून बाजूला उभे राहतात. त्यांच्याइतकी मदत कुणी केली नाही.

१३ जुलै

गल्लीतली दोन कुत्री. त्यांना पट्टा नाही, आणि त्यांना दूर ठेवणं आमच्या हातात नाही. बाहेरच्या देशांतल्या सल्ल्यांत हा भाग नसतोच. समोरच्या बंगल्यातल्या मावशी त्यांना आमच्या फाटकाशीच खायला घालायच्या, आमच्या फिरायच्या वेळी. त्यांना भेटले. भांडण होणार अशी तयारी ठेवली होती. झालं नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालण्याची जागा येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी असं म्हटलंच आहे, आणि त्यांना ते माहीत होतं. जागा गल्लीच्या टोकाला गेली, वेळ ठरली. दोन्ही कुत्री त्या वेळी तिकडे असतात, आम्ही इकडून निघतो.

२७ जुलै

शेजारच्या इमारतीतला म्हातारा लॅब्राडोर सोबतीला मिळाला. त्याचे मालक फार समजूतदार आहेत. समोरासमोर आणायचं नाही. दोघं एकाच दिशेने, मध्ये रस्त्याची रुंदी, आणि टिकली मागे. पुढे चालणाऱ्या कुत्र्याची पाठ दिसते आणि त्याच्या वाटेवरचा वास मिळतो. एवढं तिला झेपतं. अंतर कमी करायचं ते तिनेच. आज तिने तो जिथे मुतला तिथे बराच वेळ वास घेतला आणि अंग झटकलं. अंग झटकणं ही चांगली खूण.

१० ऑगस्ट

गणपती २७ ऑगस्टला. मागच्या महिन्यात मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग लहान आवाजात लावून सवय करत होतो. टिकली त्यावर निवांत झोपायची, आणि आम्हाला वाटलं की जमलं. मग रस्त्यावरून एक टेम्पो खरा ढोल वाजवत गेला आणि ती पलंगाखाली. मोबाइलच्या स्पीकरमधून ढोलाचा घुमारा येतच नाही. तिला ज्याची भीती आहे ते खालचं, छातीत आणि फरशीत जाणवणारं कंपन आहे. रेकॉर्डिंगवर घालवलेला वेळ वाया.

उपाय पुण्यातच होता. पथकांचा सराव जुलैपासून नदीकाठी चालू असतो, रोज संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. खरा ढोल, आणि अंतर आपल्या हातात. म्हात्रे पुलाच्या बाजूने आवाज नुसता कुजबुजीसारखा येईल इतक्या लांब गाडी लावतो. ठोका पडला की तुकडा, ठोके थांबले की तुकडे थांबले. दार उघडं ठेवतो. तिला गाडीत परत जायचं असेल तर जाते. ती दोनदा लागोपाठ गाडीत गेली तर त्या दिवशी परत घरी. ढोल जवळ येत नाही, आपण जवळ जातो, हा या सरावाचा मोठा फायदा. मिरवणुकीत हे कधीच जमणार नाही.

ज्यांची कुत्री ढोलाला घाबरतात त्यांनी पुढच्या वर्षी जुलैतच सुरुवात करावी. आम्हाला महिना कमी पडला.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. पुण्यातली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे विसर्जनाला शहरात थांबलोच नाही. भोरजवळ नणंदेच्या घरी गेलो. उरलेले दहा दिवस घरात काढले, रोजच्या आरतीसह. टाळांच्या आवाजाला ती आता मान वर करून माझ्या कमरेच्या पिशवीकडे बघते.

५ ऑक्टोबर

दिवाळीची तयारी. रोजच्या औषधाशिवाय फटाक्यांच्या दिवसांसाठी डॉक्टरांनी गॅबापेन्टिन दिलं आणि आधी शांत दिवशी देऊन बघायला सांगितलं. बरं झालं. पहिल्या मात्रेत तिचे मागचे पाय लटपटले, दुखरा पाय तर जास्तच. मात्रा कमी केली. ऐन दिवाळीत हे कळलं असतं तर डॉक्टर मिळाले नसते. ओळखीच्या एकांनी ‘एसीपीची गोळी द्या, गप्प पडून राहते’ असं सुचवलं (एसीपी म्हणजे असेप्रोमाझिन, गुंगीचं औषध). डॉक्टर नको म्हणाले. त्याने शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते, आणि कुत्र्याला हलताही येत नाही.

मधली खोली तयार केली: खिडकीला गोधड्या, पंखा पूर्ण वेगात, कूलर नुसता आवाजासाठी, तिची चटई कपाटाच्या आडोशाला. चटईवर तिला गेला महिनाभर रोज चाटायला दही-भात मिळतोय. हार्नेसला दुसरा पट्टा जोडून तो माझ्या कमरेला. दिवाळीत घाबरून पट्टा सोडवून पळालेली कुत्री दरवर्षी हरवतात.

२२ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन, आज पाडवा. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

बिघडलेली आधी. सगळं नियोजन संध्याकाळचं होतं. नरक चतुर्दशीला, २० तारखेला, पहाटे साडेचारला अभ्यंगस्नानाच्या वेळी खालच्या अंगणात माळ लागली. औषध दिलेलं नव्हतं, मधल्या खोलीचं दार बंद होतं, आणि टिकली बाहेर हॉलमध्ये झोपलेली. दुपारपर्यंत तिने लघवी केली नाही. फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिली होती, पण पहाटेच्या माळेची प्रथा आपल्याकडे घट्ट आहे आणि कुत्रं पाळणाऱ्याने तीच गृहीत धरायला हवी. २० च्या रात्रीच डॉक्टरांना फोन करून वेळा बदलल्या. मधली खोली रात्रभर उघडी, आणि आम्ही आळीपाळीने तिथेच झोपलो.

जमलेली आता. काल रात्री आठनंतर सलग आवाज होता. टिकली थरथरली, धापा टाकल्या, पण चटईवर होती. सासूबाई खाली तिच्या शेजारी रामरक्षा म्हणत बसल्या आणि तिने त्यांच्या मांडीला पाठ टेकली. ‘घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर ते आणखी घाबरट होतं’ हे आम्हाला अनेकांनी सांगितलं होतं. होत नाही. भीती ही बक्षीस मिळावं म्हणून केलेली गोष्ट नाही. ती जवळ येत असेल तर जवळ घ्या, जात असेल तर जाऊ द्या. नऊच्या सुमारास तिने दही-भात चाटला. मागच्या डिसेंबरात लग्नाच्या वरातीतली एक माळ ऐकून दिवसभर पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

आजची फ्रिजवरची यादी. पट्ट्यातलं कुत्रं ८ मीटर, सरळ समोरून आलं तर १५. लिफ्ट रोजची झाली. हेल्मेट जिन्यात चालतं, अंधारात चालत नाही. छत्री चालते. गल्लीतली दोन कुत्री अंगावर आली तर अजूनही मी मध्ये उभी राहते आणि मूठभर दाणे त्यांच्या पुढे रस्त्यावर टाकते. ती खाण्यात गुंततात, आम्ही मागे फिरतो. गडगडाटाची भीती जवळजवळ मेमध्ये होती तशीच आहे. त्यावर काम पुढच्या मेआधी करायचं आहे.

एकूण खर्च बराच झाला. त्यात वाया गेलेले ट्रेनरचे सहा हजार आहेत, आणि सगळ्यात मोठा वाटा चिकन-पनीरचा. रोजची गोळी स्वस्त पडते. डॉक्टरांच्या फेऱ्या आणि रक्ताच्या तपासण्या महाग. औषध कमी करण्याचा विचार बरेच महिने सलग स्थिर गेल्यावर, आणि तोही डॉक्टर सांगतील तसा थोडाथोडा.

आता उरलंय घरात येणाऱ्या माणसांचं. पुढच्या महिन्यात भाऊ राहायला येतोय. त्याला फोनवर सांगून ठेवलं आहे: बेल वाजवायची नाही, खालून फोन करायचा. हेल्मेट गाडीवरच ठेवायचं. आत आल्यावर तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, सरळ खुर्चीत बसायचं. ती येईल तेव्हा येईल.